नवऱ्याच्या पाठीवरचे दहा डाग

माझ्या नवऱ्याच्या पाठीवर दहा डाग आहेत. कमरेच्या जरा वर, मणक्याच्या डावीकडे पाच आणि उजवीकडे पाच. प्रत्येक डाग मसुरीच्या दाण्याएवढा. ते सगळे मी दिलेले आहेत आणि ही गोष्ट मी कधी कुणापासून लपवली नाही. मागच्या फेब्रुवारीत हॉस्पिटलात लपवली असती तर पुढचं काही झालं नसतं, असं मला आता पुष्कळजण सांगतात. म्हणजे चूक माझीच, मी खरं बोलले ही.

मी कोल्हापूरकडची. शाळा चौथीपर्यंत. पहिला नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. पस्तीस वर्षांपूर्वी एका मराठी डॉक्टर जोडप्याबरोबर मी अमेरिकेत आले, त्यांची दोन मुलं सांभाळायला आणि स्वयंपाक करायला. एडिसनला त्यांचं मोठं घर होतं आणि अंगणात पाइनची झाडं होती. ती छाटायला वर्षातून दोनदा एक जपानी माळी यायचा. बुटका, कमी बोलणारा, शिडी स्वतः पुसून ठेवणारा. आता तो माझा नवरा आहे. तो एक्याऐंशीचा, मी सत्त्याहत्तरची, आणि आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली.

लग्न कसं जमलं हे लोक मला फार विचारतात. एकदा छाटणी करताना त्याची पाठ धरली आणि तो झाडाखाली गुडघ्यावर बसला, उठता येईना. घरात डॉक्टर दोन, पण दोघंही कामावर. मी गॅसवर वीट तापवली, टॉवेलात गुंडाळली आणि त्याची कमर शेकली. पुढच्या खेपेला तो स्वतःची पुडी घेऊन आला आणि खुणा करून म्हणाला की हे औषध पाठीवर लावायचं असतं, पण माझा हात तिथे पोचत नाही. एकट्या माणसाची ही मोठी अडचण असते. पोटाला, पायाला आपलं आपण काही करता येतं, पाठीला दुसरं माणूस लागतं. वर्षभराने त्याने लग्नाचं विचारलं. मी हो म्हणाले. लोकांना वाटतं मी चेष्टा करते, पण कारण एवढंच होतं.

डॉक्टरीणबाईंना मी सांगितलं तेव्हा त्या जेवत होत्या.

"मावशी, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? माळ्याशी? आणि तेही चिनी?"

"जपानी."

"तेच ते."

ते 'तेच ते' मी तीस वर्षं ऐकते आहे. मराठी मंडळाच्या गणपतीला आम्ही दोघं जातो, तिथे रांगेत उभे राहिलो की मागून कुणीतरी म्हणतंच, "काकू, तुमचे चायनीज मिस्टर काय म्हणतात?" शिकलेली माणसं आहेत ही. मोठमोठ्या कंपन्यांतून रिटायर झालेली. त्यांना कुणी पाकिस्तानी म्हटलं तर आठवडाभर तोच विषय पुरतो.

संसार आमचा साधा आहे. पिस्कॅटवेला दोन खोल्यांचं अपार्टमेंट. सकाळी त्याचा भात, दुपारी माझी भाकरी. तो भाकरी सोयाच्या सारात बुडवून खातो, मी बघत नाही. त्याचं मुळ्याचं पिवळं लोणचं फ्रिजमध्ये असतं आणि फ्रिज उघडला की दारापर्यंत वास येतो. माझ्या लसणीच्या चटणीबद्दल त्याचं म्हणणं तेच आहे. संध्याकाळी तो आधी टबाच्या बाहेर बसून अंग घासतो, मग कढत पाण्याच्या टबात बसून उकडलेल्या कोळंबीसारखा लाल होतो, आणि बाहेर आला की मला म्हणतो, आता तू बस, पाणी गरम आहे. त्याच पाण्यात. तीस वर्षांत मी एकदाही बसले नाही आणि तीस वर्षांत त्याने एकदाही विचारायचं सोडलं नाही. पहिल्या नवऱ्याला मी 'अहो' म्हणत होते. ह्याला 'अरे' म्हणते. त्याला मराठीतलं 'दुखतंय', 'पुरे', 'मीठ कमी' आणि 'अजून एक' एवढं येतं. बाकी मोडकं इंग्रजी आणि खुणा. तेवढ्यात भागतं.

आता त्या डागांचं सांगते. त्याच्या देशात एक रानपाला वाळवून, कुटून त्याची कापसासारखी लोकर करतात. पुडी उघडली की थेट दवण्याचा वास येतो. जोतिबाला चैत्रात दवणा वाहतात, त्या वासात मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मला ती वस्तू परकी वाटली नाही. तिची तांदळाच्या दाण्याएवढी गोळी करायची, दुखऱ्या जागी ठेवायची आणि उदबत्तीने पेटवायची. ती जळत खाली येते. शेवटी कातडीला चटका बसतो, तो सोसायचा. मग दुसरी गोळी. रविवारी त्याची आंघोळ झाली की तो पालथा पडायचा आणि मी दहा जागी हे करायची. सोमवारी तो सरळ चालायचा. ह्याच्या जोरावर तो पंच्याहत्तर वर्षांचा होईपर्यंत झाडांवर चढला.

मला ह्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडे टाच दुखली की बिब्बा घालतात. सुई तापवून बिब्ब्यात टोचायची आणि त्याचं तेल टाचेवर टेकवायचं. काळा डाग राहतो. तान्ह्या मुलाच्या पोटाला डाग देतात ते मात्र मला कधीच पटलं नाही. माझ्या धाकट्या भावाला दिला होता आणि तो रात्रंदिवस रडला होता. मूल नको म्हणू शकत नाही. पण ऐंशी वर्षांचा माणूस स्वतः शर्ट काढून पालथा पडतो आणि 'अजून एक' म्हणतो, त्यात कुणाचं काय जातं?

फेब्रुवारीत तो कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेला आणि बर्फावर घसरला. दोन बरगड्यांना चीर गेली. अँब्युलन्स आली. हॉस्पिटलात एका तरुण नर्सने त्याचा शर्ट कापला, त्याला कुशीवर वळवलं आणि तिचा हात थांबला. तिने मला काही विचारलं नाही. बाहेर गेली, दुसरीला घेऊन आली, दोघींनी पाठ बघितली, मग मला म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर बसा. मला वाटलं, बरगडी जास्त मोडली असेल.

तासाभराने गळ्यात कार्ड अडकवलेली एक बाई आली आणि मला एका छोट्या खोलीत घेऊन गेली. सोशल वर्कर होती. बोलायला गोड. तिने टेबलावर फोन ठेवला, त्यातून एक हिंदी बोलणारी बाई दुभाषाचं काम करणार होती. मी म्हटलं मला मराठी पाहिजे. मराठीला वेळ लागेल म्हणाली. बरं, हिंदी तर हिंदी. इंग्रजी मला कळतं सगळं, नीट बोलायला जमत नाही एवढंच.

"तुमच्या नवऱ्याच्या पाठीवर भाजल्याचे डाग आहेत. ते कुणी केले?"

"मी."

फोनमधल्या बाईने ते इंग्रजीत सांगितलं.

"केव्हापासून?"

"लग्न झाल्यापासून. दर रविवारी."

"कशाने?"

मी सगळं सांगितलं. पाला, गोळी, उदबत्ती. तिने सगळं लिहून घेतलं.

"त्यांना दुखतं का?"

"दुखतं की. चटका आहे तो."

"ते थांब म्हणतात का?"

"नाही. अजून एक म्हणतात."

फोनमधल्या बाईने एक शब्द इकडचा तिकडे केला नाही, ह्याची मला खात्री आहे. माझं म्हणणं जसंच्या तसं पोचलं. पोचूनही त्या बाईच्या कागदावर जे उमटलं ते असं, की ही म्हातारी तीस वर्षं नवऱ्याला जाळते आहे आणि तिला त्याची लाजही वाटत नाही.

तिकडे त्यालाही जपानी दुभाषा लावून विचारलं. तो म्हणाला, बायको करते, हात स्थिर आहे तिचा. त्यावर ही बाई नर्सला म्हणाली की अशी माणसं छळ करणाऱ्याला नेहमी सांभाळून घेतात. माझ्यासमोर म्हणाली. मला इंग्रजी कळत नाही असं धरून.

मग त्याला दुखण्याच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी त्याला उलट्या झाल्या आणि दुपारी तो माझ्याकडे शिडी मागायला लागला. त्याला वाटत होतं तो झाडावर आहे. गोळी त्यांनीच दिली, आणि मग लिहिलं कुणी, तर त्यांनीच, की पेशंट गोंधळलेला आहे, त्याचं सांगणं धरता येणार नाही. आता त्याचा शब्दही गेला आणि माझा तर पहिल्याच दिवशी गेला होता. सोशल वर्करने मला सांगितलं, काउंटीकडे, म्हणजे इथल्या सरकारी कचेरीत, कळवलं आहे, चौकशी होईपर्यंत त्यांना घरी सोडता येणार नाही. कदाचित घरी सोडणारही नाहीत, वृद्धाश्रमासारख्या जागी ठेवतील. भेटायचं असेल तर नर्स खोलीत असताना भेटा.

तीन दिवस मी नवऱ्याला पहाऱ्यात भेटले. मी त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायला उठले की नर्स उठायची. मी त्याला चमच्याने जेली भरवली तर ती चमच्याकडे बघत बसायची. दोन वर्षांपूर्वी इथल्याच एका डॉक्टरने त्याच्या कानामागची चामखीळ यंत्राने जाळली होती. तो डाग माझ्या दहा डागांपेक्षा मोठा आहे. त्याबद्दल कुणी कुणाला छोट्या खोलीत नेलं नाही. पांढरा कोट घालून जाळलं की उपचार होतो.

अडीअडचणीला फोन कुणाला करायचा, ह्या रकान्यात आम्ही डॉक्टरीणबाईंचा नंबर दिलेला होता. दुसरं कोण आहे आम्हाला? तिसऱ्या दिवशी त्या आल्या. आता त्या रिटायर आहेत, पण त्याच हॉस्पिटलात त्यांनी पुष्कळ वर्षं काम केलं होतं, त्यामुळे दारापासून सगळे त्यांना ओळखत होते. चांगला लोकरी कोट, केस नीट बसवलेले. मला बघितल्या बघितल्या म्हणाल्या, "मावशी, काय हे करून ठेवलंत."

"मी काय केलं, ताई?"

"हळू बोला."

सोशल वर्करशी त्या इंग्रजीत बोलल्या. हे खेड्यातले लोक आहेत, शिक्षण नाही, मी पूर्वीपासून सांगत आले की असले प्रकार करू नका, आमच्या समाजात सुशिक्षित माणसं हे करत नाहीत. पूर्वीपासून काय सांगत आल्या त्या मला? माझ्या नवऱ्याची पाठ त्यांनी कधी बघितलीसुद्धा नव्हती.

मी मराठीत म्हटलं, "ताई, तुमच्या आई इथे राहायला आल्या होत्या, तेव्हा त्यांच्या टाचेला बिब्बा कुणी घातला?"

"तो विषय इथे नको."

"मग कुठे? तुमच्याच स्वयंपाकघरात घातला मी. सुई गॅसवर तापवली. तुम्ही बॅटरी धरली होतीत."

"मावशी, पुरे."

"बिब्बेसुद्धा तुमच्या आईनेच आणले होते. विमानतळावर विचारलं तेव्हा सुपारी म्हणून सांगितलं होतं म्हातारीने."

सोशल वर्कर एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. काय बोलताय म्हणून तिने विचारलं. डॉक्टरीणबाईंनी नुसता कोटाच्या बटणाशी चाळा केला.

तेव्हा मला वाटलं, बोलून काही होत नाही, दाखवावं. थंडीमुळे मी पँट घातली होती. ती गुडघ्याच्या वर ओढली. दोन्ही गुडघ्यांच्या खाली, बाहेरच्या अंगाला, माझेही डाग आहेत. एका पायावर दोन, दुसऱ्यावर दोन. मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, हे माझ्या नवऱ्याने केले. मला वाटलं, आता तरी तिला कळेल की हे दोन माणसांचं एकमेकांना औषध आहे.

तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली. आवाज एकदम मऊ केला. माझ्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, "तुम्हाला घरी सुरक्षित वाटतं का?"

मी म्हटलं, "घरी वाटतं. इथे वाटत नाही."

ते तिने लिहिलं नाही. ती दुसरंच काही लिहायला लागली, आणि मला दिसलं की आता तिने आमच्या दोघांसाठी दोन फॉर्म करायला घेतले आहेत. त्याला एकीकडे ठेवायचं आणि मला दुसरीकडे.

डॉक्टरीणबाईंनाही ते दिसलं. त्या माझ्या पायांकडे बघत होत्या. मग त्या सोशल वर्करला म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, जसं एखाद्याचं ब्लडप्रेशर सांगावं तसं, "हा त्यांच्याकडचा जुना उपचार आहे. मी चुकीचं बोलले. आमच्याकडेही असंच काही करतात. माझ्या आईला ह्यांनी केलं होतं, माझ्या घरी, माझ्यासमोर. तिच्या मर्जीने."

झालं. सोशल वर्करने पेन खाली ठेवलं. "डॉक्टर, हे तुम्ही लेखी द्याल का?" एवढंच विचारलं.

मी तीन दिवस हेच सांगत होते. त्यानेही हेच सांगितलं होतं. आमच्या दोघांच्या तोंडून ते खोटं होतं, आणि ज्या बाईने दहा मिनिटांपूर्वी आम्हाला अडाणी ठरवलं, तिच्या तोंडून ते अर्ध्या मिनिटात खरं झालं. डॉक्टरीणबाईंचे मी उपकार मानावेत असं मला त्यांच्या मुलीने नंतर फोनवर सांगितलं. मानते. पण पहिल्याच वाक्याला त्या खरं बोलल्या असत्या तर मला चारचौघांत पँट वर करावी लागली नसती, हेही मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, यू आर टू मच." असेन.

नवरा घरी आला, पण कागदावर सही करून. तो कागद डॉक्टरीणबाईंनी मला वाचून दाखवला. घरात कुणाच्याही अंगाला विस्तव लावायचा नाही. महिन्यातून एकदा काउंटीची बाई येऊन बघेल. नवा डाग दिसला तर पुन्हा चौकशी, आणि मग त्याला घरी ठेवता येईलच असं नाही. मी मराठीत सही केली. त्याने त्याच्या लिपीत केली. दोन्ही सह्या कुणालाही वाचता येणार नव्हत्या, पण चालल्या.

मंडळात बातमी पोचायला वेळ लागला नाही. एकीने फोन करून विचारलं, "काकू, तुम्ही म्हणे काकांना चटके देता?" आवाजात इतकी मजा होती की मी फोन ठेवून दिला. दुसरीने इकडचं तिकडचं बोलून शेवटी हळूच विचारलं, ती पुडी कुठे मिळते, माझा गुडघा फार दुखतो हो. हिचे यजमान मंडळात दर वर्षी अंधश्रद्धेवर भाषण देतात. तिला मी दुकान सांगितलं.

पहिल्या रविवारी आंघोळ करून तो नेहमीसारखा पालथा पडला. मी तेल घेऊन आले. त्याने मान वळवून बघितलं आणि म्हणाला, "तेल नाही." मी म्हटलं, "तेलच." त्याने कागदाचं सगळं समजून घेतलं होतं, सही केली होती, तरी त्याला वाटत होतं की दार लावलेलं आहे, आपण दोघंच आहोत, मी करीन. तीस वर्षांत मी त्याला ह्या एका गोष्टीला नाही म्हटलं नव्हतं. मी नाही म्हटलं. एक नवा डाग आणि हा माणूस कुठल्यातरी खोलीत परक्यांच्या हाती जेवणार. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मीही समजूत घातली नाही. माझाही राग होता, फक्त तो त्याच्यावर नव्हता.

मी तेल लावते, गरम पाण्याची पिशवी ठेवते. ते चालतं. गोळ्याही चालतात, कितीही. गोळी घेतली की तो दुपारभर खुर्चीत पेंगतो. झाडाची फांदी कापावी तशी माणसाची एक सवय कापली की दुसरीकडून काही फुटेल असं लोकांना वाटतं. ह्या वयात काही फुटत नाही.

काउंटीची बाई तीनदा येऊन गेली. भली आहे. बूट दारात काढते, चहा घेते. त्याला बनियन वर करायला सांगते, पाठ बघते, मोबाईलवर फोटो काढते. परवा म्हणाली, "एकही नवा डाग नाही. जुने फिके होताहेत. फार छान."

मी म्हटलं, "त्याला वाकता येत नाही."

ती म्हणाली, "ते वयाप्रमाणे होणारच."

"फेब्रुवारीपर्यंत वाकत होता."

तिने फॉर्म उलटून बघितला. दोन्ही बाजू बघितल्या. वाकण्याचा रकाना त्यात नव्हता. तसं तिने मला दाखवलंसुद्धा, बोट ठेवून. मग सही केली, पुढच्या महिन्याची तारीख सांगितली आणि गेली.

आता त्याच्या पायात मोजे मी घालते.